साखर उतरली, मग डोळ्यांत ठिपके कसे?

पत्र

डॉक्टर, नमस्कार. माझे वय ४८. लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या घेत होते, पण मधली काही वर्षे तपासणी केलीच नाही. दिवाळीनंतर थकवा फार वाढला म्हणून रक्त तपासले, तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ११.२ निघाले. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले. मीही मनावर घेतले, रात्रीचा भात सोडला, रोज सकाळी चालायला लागले. चार महिन्यांत एचबीए१सी ६.८ वर आले. घरात सगळ्यांना आनंद झाला. त्याच सुमारास जवळचे वाचताना अक्षरे पुसट दिसू लागली म्हणून चष्म्याच्या दुकानात गेले. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. थेंब टाकून तपासले तर दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर रक्ताचे ठिपके. कागदावर ‘मॉडरेट एनपीडीआर’ लिहिले आहे आणि ओसीटी नावाचे पडद्याचे स्कॅन करायला सांगितले आहे.

साखर एवढी खाली आणून हे फळ का? जाऊबाई म्हणतात, इन्सुलिनने डोळे जातात, बंद कर. माझ्या थोरल्या बहिणीची तीन महिन्यांची साखर कायम नऊच्या आसपास असते, तिला डोळ्यांचा काहीच त्रास नाही. माझे बाकीचे आकडे असे : हिमोग्लोबिन ९.१, ट्रायग्लिसराइड २६०, क्रिएटिनिन ०.९, बीपी १५०/९४. लॅबवाले म्हणतात, सीआरपी, होमोसिस्टीन, व्हिटॅमिन डी असे मोठे पॅकेज करून घ्या, डोळ्यांचा धोका कळेल. डोळ्यांसाठी रक्तातला नेमका कोणता आकडा बघायचा? आणि नवा चष्मा आत्ता करू की थांबू?

– एक शिक्षिका, लातूर जिल्हा

उत्तर

प्रिय ताई,

इन्सुलिन बंद करू नका. बाकी सगळे सावकाश वाचा, पण एवढे आजच पक्के करा. इन्सुलिनने डोळे जात नाहीत. ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि ती का पसरली हे समजण्यासारखे आहे. बहुतेकांना इन्सुलिन फार उशिरा सुरू होते, साखर कित्येक वर्षे वर राहिल्यावर. तोवर पडद्याचे नुकसान होऊन गेलेले असते. मग कोणीतरी डोळे तपासायला सांगते, दोष सापडतो आणि आळ येतो तो नुकत्याच सुरू झालेल्या सुईवर.

तरीही तुमच्या शंकेत एक खरी गोष्ट आहे, ती मी झटकून टाकणार नाही. फार दिवस चढलेली साखर झपाट्याने खाली आली, तर पहिल्या वर्षात पडद्यावरचे बदल थोडे वाढलेले दिसू शकतात. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात डीसीसीटी नावाचा अभ्यास झाला. टाइप १ मधुमेहाचे १,४४१ जण त्यात होते. एका गटाची साखर काटेकोर सांभाळली, एचबीए१सी सातच्या आसपास. दुसऱ्या गटाला त्या काळचे नेहमीचे उपचार, एचबीए१सी नऊच्या आसपास. पहिल्या सहा ते बारा महिन्यांत काटेकोर गटातल्या १३.१ टक्के लोकांचा पडदा आधीपेक्षा बिघडलेला आढळला, दुसऱ्या गटात हेच प्रमाण ७.६ टक्के होते. ज्यांची साखर सुरुवातीला जास्त चढलेली होती आणि पहिल्या सहा महिन्यांत जास्त उतरली, त्यांच्यात हे अधिक झाले. म्हणजे अगदी तुमच्यासारख्यांमध्ये.

अभ्यास पहिल्याच वर्षी गुंडाळला असता तर जाऊबाईंचे म्हणणे खरे वाटले असते. तो सरासरी साडेसहा वर्षे चालला. शेवटी हिशेब केला तेव्हा ज्यांचे डोळे सुरुवातीला निरोगी होते, त्यांच्यात पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका काटेकोर गटात ७६ टक्क्यांनी कमी निघाला. ज्यांना थोडा आजार आधीच होता, त्यांच्यात तो वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी कमी. सुरुवातीला बिघडलेल्यांपैकी निम्म्या लोकांचे बदल दीड वर्षाच्या आत मागेही फिरले होते. पुढे हीच माणसे अनेक वर्षे पाहिली गेली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी आधी काटेकोर राहिलेल्यांच्या डोळ्यांना मिळालेले संरक्षण पुढची कित्येक वर्षे टिकले. तुम्ही या चार महिन्यांत जे केले, त्याचा लाभ अजून यायचा आहे. तो वाया गेला असे मनात आणू नका.

तुमचा मधुमेह टाइप २ असावा, पण झपाट्याने साखर उतरण्याचा हा परिणाम त्यातही दिसतो. म्हणूनच एचबीए१सी दहाच्या वर असताना इन्सुलिन किंवा दुसरे जोरदार औषध सुरू होणार असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत असे मी माझ्या प्रत्येक पेशंटला सांगते. वजन आणि साखर दोन्ही उतरवणारी आठवड्याला एक अशी नवी इंजेक्शने घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. त्यांतल्या सेमाग्लुटाइडच्या २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात डोळ्यांच्या गुंतागुंती औषध घेणाऱ्यांत ३.० टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के दिसल्या होत्या. औषध वाईट असा याचा अर्थ नाही. डोळे आधी बघून ठेवावेत, एवढाच आहे.

आता ते ठिपके. चार महिन्यांत नव्याने सगळे झाले असे मला वाटत नाही. मॉडरेट एनपीडीआर (नॉन-प्रोलिफरेटिव्ह डायबेटिक रेटिनोपथी) ही पडद्याच्या आजाराची मधली पायरी आहे, आणि तिथपर्यंत यायला साधारणपणे वर्षे लागतात. पडद्यातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी चढ्या साखरेने मरतात. मग त्या वाहिन्यांचे ठिबकच्या जुन्या नळीसारखे होते : नळी जागोजागी फुगते, कुठे पाझरते, कुठे चोंदते, आणि चोंदलेल्या जागेच्या पुढचे रोप कोरडे पडते. फुगलेली जागा आणि तिथून सांडलेले रक्त म्हणजे तुमच्या डॉक्टरांना दिसलेले ठिपके. पडद्याचे भाग उपाशी राहायला लागले की ते नव्या वाहिन्या मागवणारे रसायन सोडतात. त्या नव्या वाहिन्या कच्च्या असतात, फुटतात आणि डोळ्यात रक्तस्राव होतो. तुम्ही या शेवटच्या पायरीवर नाही. ‘एनपीडीआर’मधल्या पहिल्या अक्षराचा, ‘नॉन’चा, अर्थ तोच, नव्या वाहिन्या अजून आलेल्या नाहीत.

मधली काही वर्षे तपासणी झाली नाही असे तुम्ही लिहिले आहे. रक्ताची झाली नाही, आणि डोळ्यांची बहुधा कधीच झाली नव्हती. त्यामुळे दिवाळीत पडदा कसा होता हे आता कोणालाच सांगता येणार नाही. टाइप २ मधुमेहात डोळ्यांची पहिली तपासणी निदान होईल त्याच वेळी करायची असते, कारण साखर लक्षात येण्याआधी ती बराच काळ चढलेली असते. ब्रिटनच्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात मधुमेहाचे नव्याने निदान झालेल्यांपैकी तिघांत एकाहून अधिक जणांच्या पडद्यावर बदल आधीच होते. आपल्याकडे रक्त वर्षातून चार वेळा तपासले जाते आणि डोळे कधीच नाही, अशी माणसे मी रोज बघते. याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण वेळेवर दिसलेला हा आजार सांभाळता येतो.

तुमचा मुख्य प्रश्न, रक्तातला कोणता आकडा डोळ्यांचा? असा एक आकडा नाही. रक्ताचे रिपोर्ट धोका किती ते सांगतात. पडद्यावर काय झाले आहे ते मात्र पडदा बघूनच कळते. तुमच्या बहिणीचे उदाहरण घेऊन सांगते.

डीसीसीटीच्या तज्ज्ञांनी नंतर एक हिशेब मांडला. एचबीए१सी आणि मधुमेहाची वर्षे या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तरी एकाचा पडदा बिघडतो आणि दुसऱ्याचा नाही या फरकातला फक्त ११ टक्क्यांच्या आसपास भाग त्यांनी उलगडला. बाकीचे रक्तदाब, अनुवंशिकता, मूत्रपिंडे, रक्तातली चरबी, साखरेचे चढउतार अशा गोष्टींत विखुरलेले. साखरेला महत्त्व नाही असे यातून निघत नाही, वरचे ७६ टक्के विसरू नका. पण सारख्याच आकड्याच्या दोन बहिणींचे डोळे वेगळे असू शकतात, आणि तुमच्या ६.८ पेक्षा तिच्या नऊच्या आकड्याला आज कमी ठिपके असू शकतात. ‘असू शकतात’ असे मुद्दाम म्हणते आहे. तिला त्रास नाही, म्हणजे तिला नीट दिसते, एवढेच तुम्हाला माहीत आहे. पडदा दुखत नाही. मधला, बारीक वाचायला लागणारा भाग शाबूत असेल तोवर बाकीचा पडदा बराच बिघडला तरी माणूस सुईत दोरा ओवतो, मोबाइल वाचतो. थेंब टाकून तिचे डोळे कोणी पाहिले आहेत का, हे तिला विचारा. पाहिले नसतील तर याच महिन्यात पाहायला लावा. भारतात ४० वर्षांवरच्या मधुमेही लोकांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत १२.५ टक्के लोकांना पडद्याचा आजार आणि ४ टक्के लोकांना दृष्टी धोक्यात येईल इतका आजार आढळला होता. नऊच्या आसपास वर्षानुवर्षे राहिलेल्या बाईने आपण उरलेल्यांत आहोत असे गृहीत धरू नये.

तुमच्या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत जास्त खटकला तो हिमोग्लोबिनचा, ९.१. त्याबद्दल तुम्ही प्रश्नही विचारलेला नाही, आणि कदाचित कोणी तुमच्याशी बोललेही नसेल. हा आकडा दोन कारणांनी महत्त्वाचा आहे.

पहिले कारण डोळ्यांचेच. पडदा हा शरीरातल्या सर्वांत जास्त प्राणवायू लागणाऱ्या भागांपैकी एक. वाहिन्या आधीच चोंदलेल्या, त्यात रक्तच पातळ, मग तो आणखी उपाशी राहतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात ३,७११ मधुमेही लोकांवर ईटीडीआरएस हा अभ्यास झाला. कोणाचा पडदा पुढच्या, घातक पायरीला जातो हे त्यात पाहिले, तेव्हा जास्त एचबीए१सीच्या जोडीला रक्तातल्या तांबड्या पेशींचे कमी प्रमाण आणि जास्त ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) हेही धोक्याचे घटक निघाले. तुमच्याकडे हे दोन्ही आहेत.

दुसरे कारण असे की, रक्त कमी असले की एचबीए१सीचा आकडाच नीट बोलत नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला जी साखर चिकटते, ती आपण मोजतो. लोह कमी असेल तर नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचा वाटा वाढतो आणि एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की नव्या पेशींची भर पडते आणि आकडा साखर न बदलताही काहीसा उतरतो. या चार महिन्यांत तुम्हाला लोह दिले असेल किंवा रक्त चढवले असेल, तर ११.२ वरून ६.८ या उतरणीतला थोडा भाग त्याचाही असू शकेल. बराचसा भाग तुमच्या कष्टाचाच आहे, पण पडताळा करा. ६.८ म्हणजे सरासरी साखर साधारण १४८. घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, रात्री झोपताना असे आठवडाभर मोजा. ती सरासरी १४८ च्या आसपास येत असेल तर ठीक. कायम १९०-२०० च्या पुढे येत असेल तर तुमच्या एचबीए१सीवर विसंबू नका, डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइन तपासणीबद्दल विचारा. ती गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते आणि तांबड्या पेशींवर अवलंबून नसते. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठीही एवढेच सांगते : घरात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा अनुवंशिक आजार असेल तर एचबीए१सी खोटे कमी येऊ शकते. चांगला आकडा बघून निर्धास्त राहू नका.

हिमोग्लोबिन का कमी आहे, हे शोधायलाच हवे. तुमच्या वयात पाळी जाण्याआधी रक्तस्राव वाढतो आणि बायका तो वर्षानुवर्षे अंगावर काढतात. शाळेत दिवसभर उभे राहून शिकवताना येणारा तो थकवा साखरेच्या खात्यावर लिहून मोकळे होऊ नका. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेत असाल तर बी १२ सुद्धा, कारण ही गोळी दीर्घकाळ घेतल्यावर बी १२ कमी होऊ शकते, आणि शाकाहारी घरात ते आधीच कमी असते. मूत्रपिंड बिघडल्यानेही रक्त कमी होते.

मूत्रपिंडाचा विषय निघालाच आहे. क्रिएटिनिन ०.९ बरे आहे, पण क्रिएटिनिन उशिरा वाढते. त्याच्या आधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जायला लागते. लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर काढायची तपासणी तुमच्या यादीत नाही. ती करा, फार महाग नसते. ३० च्या आत असेल तर उत्तम. मूत्रपिंडातल्या आणि पडद्यातल्या बारीक वाहिन्या एकाच कारणाने बिघडतात, आणि लघवीत अल्ब्युमिन जाणाऱ्यांचे डोळे जास्त जपावे लागतात. पाळी चालू असताना, ताप असताना किंवा लघवीला जळजळ असताना नमुना देऊ नका, आकडा उगाच वाढतो. वाढलेला निघाला तर पुढच्या काही महिन्यांत पुन्हा तपासल्याशिवाय घाबरायचे नाही.

आणि बीपी. ते रक्तातले नाही, रिपोर्टच्या कागदावर छापून येत नाही, म्हणून त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. यूकेपीडीएसमध्ये रक्तदाब काटेकोर सांभाळलेल्या गटाचा सरासरी १४४/८२ होता, दुसऱ्याचा १५४/८७. फरक फक्त १० चा. तरी काही वर्षांनी पडदा बिघडण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३४ टक्क्यांनी आणि नजर लक्षणीय उतरण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी निघाले. तुमचा १५०/९४ आहे. एकदाच मोजला असेल तर घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून तक्ता डॉक्टरांकडे न्या. खरेच एवढा राहत असेल तर गोळी लागेल. तो १३०/८० च्या खाली आणणे तुमच्या डोळ्यांसाठी साखरेइतकेच मोलाचे आहे. किंबहुना तुमची साखर आता आटोक्यात आली आहे, म्हणून पुढच्या सहा महिन्यांत मी जास्त जोर बीपी आणि हिमोग्लोबिनवर देईन.

ट्रायग्लिसराइड २६० उपाशीपोटी होते का, ते बघा. साखर चढलेली असताना ते वाढतात आणि साखर उतरली की बरेचदा आपोआप कमी होतात, म्हणून आता पुन्हा तपासा. फेनोफायब्रेट ही ट्रायग्लिसराइडची जुनी गोळी पडद्याचा आजार पुढे जाण्याचा वेग कमी करते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. त्यांपैकी स्कॉटलंडमधला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून ती या कारणासाठी मान्य आहे. तुम्हाला द्यावी का, हा निर्णय तुमचे डॉक्टर मूत्रपिंडाची तपासणी बघून घेतील. मेडिकलमधून स्वतः आणून सुरू करू नका.

लॅबच्या पॅकेजबद्दल माझे मत स्पष्ट आहे. करू नका. सीआरपी, होमोसिस्टीन आणि अशा आणखी डझनभर घटकांवर संशोधन चालू आहे, आणि हजार लोकांचे गट शेजारी ठेवले तर पडद्याचा आजार असलेल्यांत त्यांचे सरासरी आकडे वेगळे येतातही. पण तुमचे होमोसिस्टीन अमुक आले म्हणून तुमच्या डोळ्यांचे उपचार बदलायचे, असे कोणताही नेत्रतज्ज्ञ करत नाही. ते पैसे ओसीटीला, पडद्याच्या फोटोला आणि फेरिटिनला वापरा.

ओसीटीला घाबरण्यासारखे काही नाही. सुई नाही, डोळ्याला स्पर्श नाही. हनुवटी टेकवून एका खुणेकडे बघायचे, काही मिनिटांत पडद्याच्या थरांचे चित्र मिळते. पडद्याच्या मधोमध, ज्याने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, त्या मॅक्युलाला सूज आहे का, हे त्यात दिसते. सूज नसेल, तर मॉडरेट एनपीडीआरला साधारणपणे लेझर लागत नाही, इंजेक्शनही नाही. तेव्हा फक्त लक्ष ठेवायचे. एरवी सहा महिन्यांनी बोलावतात, पण तुमची साखर झपाट्याने उतरली आहे, म्हणून पहिले वर्षभर तीन-चार महिन्यांनी दाखवत राहा, आणि एचबीए१सी कधी कितीवरून कितीवर आले हे नेत्रतज्ज्ञांना स्वतःहून सांगा. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नसतील तर दोघांचे कागद एका फायलीत ठेवून ती दोघांकडे नेणे तुमच्याच हातात आहे. साखरेच्या गोळ्यांत पायोग्लिटाझोन असेल तर तेही सांगा, कारण ही गोळी शरीरात पाणी धरून ठेवते आणि मॅक्युलाच्या सुजेत तिचा विचार करावा लागतो.

सूज निघालीच तर डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागू शकतील. ऐकून अंगावर काटा येतो हे मला माहीत आहे. डोळा बधिर करून देतात, वेळ फार लागत नाही, पण एकाने भागत नाही, पहिल्या वर्षी बरीच लागू शकतात. वेगवेगळ्या औषधांच्या किमतींत मोठा फरक असतो, त्यामुळे कोणते, किती वेळा आणि एकूण खर्च किती, हे सुरुवातीलाच मोकळेपणाने विचारा. खाजगीत झेपणारे नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या नेत्र विभागात जा. अर्धवट सोडू मात्र नका. लेझरनेही अनेकांची नजर वाचली आहे. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी अभ्यासात नव्या, कच्च्या वाहिन्या आलेल्या डोळ्यांना लेझर केल्यावर दृष्टी पूर्ण ढासळण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला होता.

डोळ्यापुढे एकाएकी काळे ठिपके किंवा कोळिष्टके तरंगू लागली, नजरेपुढे एका बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखे झाले, किंवा फळ्यावरच्या सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. परीक्षा, लग्न, पाहुणे काहीही असो.

चालणे चालू ठेवा. या पायरीवर त्याला काही बंदी नाही. तुमची सध्याची तब्येत बघता रोजचे इन्सुलिन आणि जेवण यांचा मेळ मात्र डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. ६.८ वर आल्यानंतर दुपारी शाळेत घाम सुटणे, हात थरथरणे, एकदम भूक लागणे असे होत असेल तर साखर फार खाली जात असेल, आणि इन्सुलिनची मात्रा कमी करावी लागेल. मात्रा कमी करणे वेगळे आणि बंद करणे वेगळे. आकडा आणखी खाली ढकलण्याची घाई नको. सातच्या आसपास स्थिर राहिलेला आकडा तुमच्या डोळ्यांना पुरेसा आहे.

राहिला चष्मा. थांबा. साखर मोठ्या प्रमाणात बदलली की डोळ्यातल्या भिंगातले पाणी कमी-जास्त होते आणि नंबर सरकतो. जवळचे एकाएकी पुसट होणे हे साखर झपाट्याने उतरल्यावर पुष्कळांना होते, आणि ते पडद्यावरच्या ठिपक्यांमुळे असेलच असे नाही. साखर स्थिर झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी नंबर काढा. आत्ता काढलेल्या नंबरचा चष्मा महिन्याभरात निरुपयोगी होऊ शकतो. तोवर वह्या तपासायला जुना चष्मा आणि चांगला उजेड वापरा, लागलाच तर साधा तयार वाचायचा चष्मा. थेंब टाकलेल्या दिवशी नंबर काढायचा नाही, आणि त्या दिवशी चार-सहा तास स्कूटीही चालवायची नाही. नंबर दोन वेळा, काही दिवसांच्या अंतराने, सारखा आला की दुकानात जा.